काळी पाटी, डावा कान

फर्दापूरच्या सूर्यभानची अक्षदा डूख धरणारी आहे, हे तिची आई राजाबाई कुणालाही सांगेल. सांगताना आवाजात तक्रारीपेक्षा अभिमानच जास्त असेल. सातवीत कुण्या मुलीनं अक्षदाचा कंपास लपवला होता. अक्षदा वर्षभर त्या मुलीला त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. तिच्या शेजारी बसून डबा खाल्ला, चिंचा वाटून खाल्ल्या. वार्षिक परीक्षेत भूमितीच्या पेपरला मात्र त्या मुलीच्या कंपासचा स्क्रू जागेवर नव्हता. बिचारीनं तीन तास हातानं वर्तुळं काढली.

ही गोष्ट इंद्रजीतला वेळेवर कुणी सांगितली असती तर पुढचं पुष्कळ टळलं असतं. पण इंद्रजीत सांगणाऱ्यातला होता, ऐकणाऱ्यातला नव्हता.

शहरात क्रांती चौकाजवळ दुसऱ्या मजल्यावर त्याचा डिझाइन स्टुडिओ होता. काचेचं दार, आत गारवा, आणि भिंतीवर स्वतः इंद्रजीत कुठल्याशा समारंभात श्रीफळ घेतानाचा फोटो. अक्षदा तिथं दोन वर्षं पगारावर चित्रं काढायची. अजिंठ्याच्या छतांवरचे हत्ती, बैल, हरणं, कमळं, वेली पेन्सिलनं कागदावर उतरवायच्या, एवढंच काम. ते कागद इंद्रजीत स्कॅन करून संगणकात घालायचा आणि त्याच्या फाइली हिमरू शालींचे व्यापारी फारूखशेठ यांना विणकामासाठी द्यायचा. पहिल्याच दिवशी त्यानं तोंड भरून शब्द दिला होता, की कागद तुझे ते तुझेच, आणि छापलं जाईल तिथं नावही तुझंच येईल. अक्षदानं तो शब्द खरा मानला. डूख धरणारी माणसं विश्वासही पुरेपूर ठेवतात, म्हणून तर त्यांना एवढं लागतं.

तिचा हात तयार झाला होता तो घराजवळच्या अजिंठ्याच्या लेण्यांमध्येच. सूर्यभान धनगर, पण कळप आटला तसा तो वर्षातले काही महिने लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला येणाऱ्या कलाकारांबरोबर राबायचा. दाराशी उन्हात चकचकीत पत्रा धरून उभं राहायचं आणि उजेड आत छतावर पाडायचा, हे त्याचं काम. सुट्टीत अक्षदा त्याच्या पायाशी वही घेऊन बसायची. उजेड छतावर, वही अंधारात. खाली बघावं तर काही दिसत नसे, आणि वर पुन्हा बघेपर्यंत ऊन सरकलेलं असे. म्हणून ती वहीकडे बघायचंच सोडून देऊन शिकली. नजर छतावर, हात मांडीवर, दोघांचं एकमेकांवाचून काही अडत नसे. सूर्यभानला चित्रातलं फार कळत नव्हतं, तरी एक त्याला पक्कं ठाऊक होतं. तो म्हणायचा, "पोरी, खाली बघू नको. मेंढ्या वळताना माणूस पायाकडं बघत आस्तं का?"

दोन वर्षांत तिची एक्केचाळीस चित्रं झाली. मग एके दिवशी नमुन्याच्या शाली पोचवायला ती फारूखशेठच्या दुकानात गेली, आणि तिथं काउंटरवर गुळगुळीत कागदाचा नवा कॅटलॉग पडलेला तिला दिसला. पानापानावर तिचे हत्ती होते. प्रत्येक पानाच्या तळाशी छापलं होतं, 'मूळ रेखाटन : इंद्रजीत'. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, सगळी उलटली. शेवटच्या पानावर आभार होते, त्यातही ती नव्हती. चहा आणून देणाऱ्याचं नाव होतं.

ती तडक स्टुडिओत आली. इंद्रजीत त्याच्या नव्या मशीनपुढे बसला होता. हाताएवढा रुंद पडदा, त्या पडद्यावरच पेननं काढायचं. आल्यागेल्याला तो त्याची किंमत आधी सांगायचा आणि उपयोग नंतर.

"सर, कॅटलॉगमध्ये माझं नाव नाही."

"हो, जागा नव्हती."

"तुमच्या नावाला होती."

तेव्हा तो खुर्ची फिरवून हसला. "हे बघ अक्षदा, कागदावर रेघा कुणीही ओढतं. आजकाल कागद कोण घेतो? फाइल लागते. फाइल हे पेन बनवतं, आणि हे पेन माझ्या हातात आहे. ज्याच्या हातात पेन त्याचं चित्र. मेंढरामागच्या घरात पेन्सिल पोचली हेच खूप झालं, आता लगेच नाव कशाला?"

"मग माझे कागद द्या. मी जाते."

"कागद स्टुडिओचे आहेत," इंद्रजीत म्हणाला, आणि त्यानं कपाटाची किल्ली खिशात टाकली.

अक्षदानं पेन्सिल पिशवीत टाकली. पाण्याची बाटली उचलली, चपला घातल्या, दार हळू लावलं. राजाबाई तिथं असती तर तिनं इंद्रजीतला सांगितलं असतं, की बाबा, पोरगी आदळआपट करत गेली असती तर बरं होतं.

शहरात ती रोशन गेटकडे अदीबाच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायची. अदीबा लग्नपत्रिका आणि मेंदीच्या नक्ष्या करायची, फोनवर बोटानं. फारूखशेठच्या दुकानाचे ईदचे संदेशही तीच करायची, त्यामुळे तिथली खबरबात तिला आधी लागे. तिनं ऐकून घेतलं, मग दुपट्ट्याला हात पुसत विचारलं, "रडली का नाही?"

"नाय. मला पेन पायजे."

"पेन?"

"संगणकाचं. त्याच्यासारखं. त्याला त्याच्याच पेननं पुरायचंय मला."

अदीबाला हे भाषण फार आवडलं. तिनं बातमीही दिली, की महिन्याभरानं फारूखचाचा नव्या हंगामाच्या शालींची नक्षी ठरवणार आहेत, इंद्रजीतला बोलावणं गेलं आहे. "तुलाबी बोलवायला लावते. लेकिन फाइल लागंल हां. चाचा कागद बघतच नाहीत, मागं दुकानात होतं ते पोरगं जसं शिकवून गेलंय तसं करतात." मग ती पलंगाखाली वाकली आणि तिनं एक छोटी काळी पाटी बाहेर काढली. पोस्टकार्डाएवढी. तिच्यावर कोथिंबिरीचे डाग होते.

"हे काय?"

"टॅब्लेट. तुझ्या त्या पेनाची पाटी. दोन वर्षांआधी घेतलं. स्वस्त मिळालं म्हणून नाचत घेतलं. एवढ्याशा जागेत मनगटाच्या वर हात हलतच नाय. वर पेनात सेल घालावा लागतो, तो ऐन वेलीच्या मधी संपतो. अन् पेनाचं टोक तीन हप्त्यांत झिजलं. दुसरं टोक आणायला गेले तर अख्ख्या शहरात नाय. आता भाजी चिरते याच्यावर. भाजीला बरंय."

अक्षदा नीट ऐकत होती. दुसऱ्याची फजिती फुकट शिकवते. तिनं एका कागदावर तीन गोष्टी लिहून घेतल्या : पाटी वहीएवढी तरी हवी, पेन बिनसेलाचं हवं, आणि टोकं सोबत मिळायला हवीत. मग दोघी औरंगपुऱ्यातल्या एका बोळात इम्रानच्या दुकानात गेल्या. इम्रान संगणक दुरुस्त करायचा, आणि असल्या वस्तू विकायचा त्या थोड्या कंटाळूनच.

त्यानं आधी पडद्याचा टॅब्लेट काढला. किंमत ऐकून अदीबानं दुपट्टा तोंडाला लावला. अक्षदाच्या शेवटच्या पगारात त्याचा खोकाही आला नसता.

"बिनपडद्याचा दाखवा," अक्षदा म्हणाली.

"ताई, देतो. पण आधीच सांगतो, नंतर भांडू नका," इम्रान म्हणाला. "घेणारे दहा, त्यातले आठ परत आणून देतात. हात इकडं टेबलावर, चित्र तिकडं पडद्यावर. डोकं गरगरतं माणसाचं. हाताकडं बघितलं तर तिथं काहीच उमटत नाय, काळी पाटी नुसती. पडद्याकडं बघितलं तर हात कुठं गेला कळत नाय. शिकलेले लोक रडकुंडीला येतात."

अक्षदा त्याच्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे बघायचं एकीकडं अन् काढायचं दुसरीकडं?"

"व्हय ना. तीच तर अडचण."

"लावा की जरा."

इम्राननं वहीएवढी एक काळी पाटी संगणकाला जोडली. अक्षदानं पेन हातात घेतलं. चुलीच्या फुंकणीसारखं जरा जाड होतं, पण बोटांत बसत होतं. तिनं नजर पडद्यावर लावली आणि हात मोकळा सोडला. लेण्याच्या छताकडे बघताना सोडायची तसा. एका दमात सोंड उतरली, मग कपाळ, मग पाठीची कमान. एकदाही तिनं खाली पाहिलं नाही. इम्रानच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला. त्याच्या दुकानात एवढी वर्षं पाट्या परत येत होत्या, कारण घेणाऱ्यांपैकी कुणी अंधारात चित्रं काढायला शिकलेलं नव्हतं.

पण अक्षदा हुरळून जाणाऱ्यातली नाही. सूड घ्यायचा तर हत्यार पारखून घ्यावं. तिनं फूटपट्टी मागितली आणि तिच्या कडेनं एक तिरकी रेघ अगदी सावकाश ओढली. पहिल्या पाटीवर रेघ थरथरली, पाण्यातल्या सापासारखी. "नको ही." दुसऱ्या पाटीवर रेघ सरळ आली. मग तिनं पेन जेमतेम टेकवून शेपटीचे केस काढून पाहिले. काही पेनं दाबल्याशिवाय उठतच नाहीत, हे उठत होतं. चारही कोपऱ्यांत ठिपके देऊन पाहिले. पेनच्या अंगावरची बटणं सारखी अंगठ्याखाली येत होती, ती बंद करून घेतली.

"ताई, याच्यात दाबाच्या आठ हजार पायऱ्या आहेत," इम्रान पुस्तकातलं वाचून म्हणाला.

"मला तीन पुरतात. हलकं, बरं, अन् दाबून."

घरी संगणक नव्हता, म्हणून तिथंच वायर फोनला लावून बघितली. कमळ काढलं तर कमळाचं अंडं झालं. इथं अदीबा घाबरली, पण इम्रान आता रंगात आला होता. "फोन उभा धरलाय ना, म्हणून. पाटी आडवी, पडदा उभा, मग गोल लांबट होणार. फोन आडवा करा. अन् सेटिंगमधी दोघांचं माप एक करा." कमळ गोल आलं. सोबत दहा टोकं होती. किंमत साडेचार हजार. इम्राननं त्यात आणखी पाच टोकं टाकली आणि विचारलं, "कुणासाठी काढणार एवढं?"

"एका माणसासाठी," अक्षदा म्हणाली. तिचं तोंड बघून त्यानं पावती फाडली.

पुढचे पंधरा दिवस तिनं ती पाटी सोडली नाही. सकाळी उठून बसायची ते दुपारी अदीबाच्या आईनं हाक मारेपर्यंत. पहिलं चित्र तिनं इंद्रजीतचं काढलं, एडक्याच्या रूपात, गळ्यात श्रीफळ. दोघी पोट धरून हसल्या. मग ते पुसून टाकलं आणि कामाला लागली, कारण नुसत्या हसण्यानं तिचं भागणार नव्हतं. तिला तिची एक्केचाळीस चित्रं परत हवी होती. त्यांच्याखाली तिचं नाव हवं होतं. आणि इंद्रजीतचं तोंड पडलेलं बघायचं होतं. या तिन्हींत पहिलं कोणतं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

घोडं पेंड खात होतं ते एकाच ठिकाणी. चित्रं आपलीच हे सिद्ध कसं करणार? शब्दाला साक्षीदार नाही, कागद त्याच्या कपाटात. नवी चित्रं कितीही चांगली काढली तरी तो म्हणणार, माझ्याकडं शिकून गेली.

सोळाव्या दिवशी ती लढणाऱ्या बैलांची जोडी काढत होती. फोनवर एक बरं असतं, दोन बोटांनी चित्र ताणलं की मोहरीएवढी गोष्ट भाकरीएवढी होते. तिनं बैलाचं तोंड ताणलं आणि तिचा हात थांबला. बैलाच्या डाव्या कानाला टोकाशी एक चीर होती, आणि मागच्या कडेला अर्धगोल खाच.

तिनं दुसरा बैल ताणला. चीर आणि खाच. आदल्या दिवशीचा हत्ती उघडला, त्यालाही. हरणांना, माकडालासुद्धा.

ती सूर्यभानच्या घरची खूण होती. कोकरू महिन्याचं झालं की सूर्यभान स्वतः त्याचा डावा कान असा कापतो, त्याचा बापही तसाच कापायचा. चार कळप चाऱ्यावर एकत्र झाले तरी कुणाचं जनावर कुठलं ते कान धरून सांगता येतं. अक्षदाच्या डोळ्यांनी जन्मापासून जे जनावर पाहिलं, त्याला तो कान होता. बिनखुणेचा कान तिला परक्याचा वाटायचा, आणि हात आपसूक तो आपल्या घरचा करून टाकायचा. इतकी वर्षं ते तिलाच कळलं नव्हतं. कागदावर कान नखाएवढे असत, कोण बघतं!

आधी तिला लाजच वाटली. नक्कल म्हणजे नक्कल, दोन हजार वर्षांच्या हत्तीचा कान कापणारी ती कोण? एखाद्या जाणकारानं पाहिलं असतं तर तिला दारातूनच हाकललं असतं. मग एकाएकी तिच्या डोक्यात उजेड पडला. तिनं पाटी बाजूला ठेवली, ओढणी घेतली आणि ती थेट फारूखशेठच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक बनून तिनं पाच शाली उलगडायला लावल्या. विणलेल्या हत्तींचे कान धाग्यांत फारसे दिसत नव्हते, पण कॅटलॉगमध्ये स्वच्छ दिसत होते. तिनं फोननं एकेका पानाचे फोटो घेतले आणि रस्त्यावर येऊन ताणून पाहिले. कान, कान, कान. एक्केचाळिसांतल्या चाळीस चित्रांत कुठं ना कुठं जनावर होतं, आणि प्रत्येक जनावर तिच्या बापाच्या कळपातलं होतं. उरलं एक हंसांचं. हंसाला कान नसतो.

त्या दिवशी तिनं अदीबाला स्वतःच्या पैशानं नान-खलिया खाऊ घातला. एवढी खूश ती कंपासच्या वेळीही नव्हती.

ठरल्या दिवशी फारूखशेठनी दोघांनाही दुपारी बोलावलं. दुकानात मागच्या भिंतीवर मोठा टीव्ही होता, आणि बाजूला लेण्यातल्या हत्तीचा भिंतभर जुना फोटो, पर्यटकांनी बघत बसावं म्हणून लावलेला. इंद्रजीत आपलं पडद्याचं मशीन गादीच्या पिशवीतून घेऊन आला होता. अक्षदाच्या पिशवीतून काळी पाटी निघाली तसा तो हसला.

"हे काय? पडदा कुठंय याचा?"

"घरी राह्यला, सर," अक्षदा म्हणाली.

फारूखशेठ सत्तरीचे, बोलणं मऊ आणि नजर कापडवाल्याची. त्यांनी सांगितलं, "मला पदराच्या कोपऱ्यात बैलांची जोडी पायजे. लढणारी. आत्ताच्या आत्ता काढून दाखवा, म्हणजे हाताचा अंदाज येतो. क्या बोलते इंद्रजीतसाब?"

इंद्रजीतनं घसा साफ केला. हे असं उभ्या उभ्या होत नसतं, आधी संकल्पना लागते, मूड लागतो. स्टुडिओतून तयार फाइल पाठवतो. नाचता येईना अंगण वाकडं. अक्षदानं तोवर फोन आडवा करून टीव्हीला जोडला होता. ती टीव्हीकडे बघत उभी राहिली, पाटी डाव्या हातावर, आणि बैल उतरायला लागले. शिंगाला शिंग भिडलं, माना वळल्या, खुरांखाली धूळ उठली. दुकानातली गिऱ्हाईकं शाली सोडून बघायला लागली. शेवटी तिनं चित्र ताणलं आणि सगळ्यांसमोर डाव्या कानाला एक चीर दिली आणि एक खाच.

"हे काय केलं बेटा?" फारूखशेठनी विचारलं.

"चाचा, तुमच्या कॅटलॉगातले कान बघा. कुठलंबी पान काढा."

कॅटलॉग आला, शेठचा चष्मा आला. पानं उलटत गेली तसे शेठचे डोळे बारीक होत गेले. "अरे, सगळ्यांचे कान कापलेत!"

"मूळ चित्रातच तसे आहेत," इंद्रजीत घाईनं म्हणाला. "प्राचीन परंपरा आहे ती. अभ्यास लागतो त्याला."

शेठ उठले, भिंतीवरच्या हत्तीपाशी गेले आणि त्यांनी त्या कानावरून बोट फिरवलं. "इंद्रजीतसाब, याचा कान तर साबूत आहे."

"म्हणजे... ती मी माझी म्हणून टाकलेली खूण आहे. चित्रकार टाकतात."

अक्षदा याच वाक्याची वाट बघत होती. तिच्या अंगावर सुखाचा काटा आला. तिनं पेन त्याच्यापुढे धरलं. "तुमची खूण ना सर? मग पेन घ्या. ज्याच्या हातात पेन त्याचं चित्र. कॅटलॉग मिटवते मी, या बैलाचे कानही पुसते. एक कान काढा फक्त. चीर कुठं, खाच कुठं?"

 इंद्रजीतनं पेन घेतलं. बिनपडद्याच्या पाटीवर त्यानं आयुष्यात काही काढलं नव्हतं. तो पाटीकडे बघायचा, तिथं काही नसायचं. टीव्हीकडे बघायचा, तर रेघ भलतीकडे पळालेली असायची. घाम पुसत त्यानं जे काढलं ते वांग्यासारखं दिसत होतं, आणि त्याला त्यानं दोन चिरा दिल्या. उजव्या कानाला. अदीबा खुदकन हसली, आणि मग गिऱ्हाईकंही हसली.

"बस करा," फारूखशेठ म्हणाले. त्यांच्या आवाजातला मऊपणा संपला होता. "मेरे दुकान में झूठ नक्को. काम आता या पोरीचं. कॅटलॉग नव्यानं छापणार, हिच्या नावानं. बेटा, अजून काय पायजे? माफी मागायला लावू?"

"माफी नको चाचा. माफीचं काय लोणचं घालू? माझी चित्रं पायजेत. आमच्यात कुणाच्या कळपात दुसऱ्याचं जनावर सापडलं, अन् कानावरनं वळखलं, तर नेणाऱ्यानं ते सोता मालकाच्या दारात आणून सोडायचं. माझ्या आज्याच्या टायमापासून असंच आहे. सरांनी एक्केचाळीस कागद सोता आणायचे. फर्दापूरला. माझ्या बापाच्या दारात."

"शंभर किलोमीटर?" इंद्रजीत ओरडला. "मी कुरिअर करतो!"

"हातानं," अक्षदा म्हणाली.

फारूखशेठनी शाल घडी घालत एवढंच म्हटलं, की या बाजारातले निम्मे व्यापारी त्यांच्याबरोबर बसून चहा पितात, आणि चहासोबत गोष्टी निघतातच. इंद्रजीतला ते बरोबर समजलं.

सोमवारी लेणी बंद असतात, सूर्यभान घरी होता. अकराच्या सुमारास इंद्रजीतची पांढरी गाडी सिल्लोडमार्गे येऊन वाड्याच्या काटेरी कुंपणापाशी थांबली. वाडा म्हणजे मेंढ्यांचा, दुसरा कुठला नव्हे. बुटाला लेंड्या लागू नयेत म्हणून तो टाचांवर चालत आला, काखेत मोठी पुठ्ठ्याची फाइल. राजाबाईनं पाहुणा आला म्हणून चुलीवर चहाचं आधण ठेवलं.

सूर्यभाननं त्याला बसा म्हटलं नाही. तो वाड्याच्या फाटकाशी उभा राहिला, संध्याकाळी मेंढ्या आत घेताना राहतो तसा, आणि हात पुढे केला. "एकेक द्या."

इंद्रजीतनं एकेक कागद दिला. सूर्यभान तो उन्हाकडे धरायचा, जनावर शोधायचा, डाव्या कानावर अंगठा फिरवायचा आणि मग राजाबाईकडे द्यायचा. हत्ती. बैल. तीन हरणं, तिघांचेही कान. काही घाई नव्हती. ऊन चढलं. इंद्रजीतचा सदरा पाठीला चिकटला, दोन मेंढ्या येऊन त्याच्या गाडीचं चाक हुंगून गेल्या. अक्षदा ओट्यावर बसून हे सगळं बघत होती. तिला वाटलं होतं, प्रत्यक्ष हे बघताना कुठंतरी वाईट वाटेल. नाही वाटलं. गोड वाटलं. उसाच्या पेरासारखं शेवटपर्यंत गोड वाटलं.

"चाळीस," सूर्यभान म्हणाला. "एक कमी हाय."

इंद्रजीतनं रिकामी फाइल उलटी करून दाखवली. "तेवढेच आहेत."

"हंसांचं," अक्षदा ओट्यावरून म्हणाली. "तुमच्या केबिनमध्ये चौकटीत लावलंय. तुमच्या सहीचं."

त्याचा चेहरा उतरला, पण एक शेवटचा डाव त्यानं टाकलाच. "त्यात कुठं कान आहे? खूणच नाही, तर ते हिचं कशावरून?"

सूर्यभाननं राजाबाईच्या हातातल्या चाळीस कागदांवरची धूळ झटकली.  "साहेब, कळपात कोवळी कोकरं आस्त्यात. त्यांचा कान कापलेला नस्तो. ती संध्याकाळी शंभरात सोडली तरी आपल्या मायलाच जाऊन लागत्यात. अन् मायबी दुसऱ्याचं पाजत नाय." त्यानं अक्षदाकडे बोट केलं. "ती वळखती म्हणती तर तिचं हाय. आणा."

"आज? परत जाऊन? दोनशे किलोमीटर होतात!"

"व्हय. आमी इथंच हाय."

इंद्रजीतनं राजाबाईकडे पाहिलं. बायका मऊ असतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं असावं. राजाबाई नजर चुकवून चुलीकडे गेली. आधण उकळत होतं. इंद्रजीत टाचांवर चालत गाडीकडे वळला, तशी ती हळूच म्हणाली, "अगं, दारात आलेला माणूस. उन्हाचा. घोटभर च्या तरी दिऊ दे की."

अक्षदा ओट्यावरून उठली, चुलीपाशी गेली आणि तिनं आधण खाली उतरवून ठेवलं.

"चाळीसच झालेत माय. एक्केचाळिसावं आलं की टाकू."